ताकतीची गोळी

ब्रह्मपुरी
३ नोव्हेंबर १९८६

डॉ. श्रीहरी यांस,

जयभीम. त्याच्या आधी ‘सप्रेम’ लिहायची पद्धत आहे हे मला माहीत आहे. विसरले म्हणून गाळलेलं नाही.

तुमच्या आई माझ्याकडे आहेत. गुरुवारी दुपारी चिमूरला गाडी बदलून एकट्या आल्या, हातात एक पिशवी घेऊन. मी बोलावलं नव्हतं. बायको गेली ती गेली, वर आता आईलाही फूस लावली, असं तुम्ही वरोराभर सांगत फिराल म्हणून आधीच कळवते. दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, “मी तुह्या इथी काई दिवस राह्यतो,” आणि चपला काढून आत आल्या. गेल्या वर्षी मी तुमचं घर सोडलं तेव्हा ह्याच बाई स्वयंपाकघरातून बाहेरसुद्धा आल्या नव्हत्या. मी चहा ठेवला.

आवाज त्यांचा होता. चेहरा मात्र दुसऱ्याच कोणाचा. गोल, फुगलेला, गाल लालभडक. मानेमागे चरबीचा उंचवटा आणि हातपाय काटक्यांसारखे. दंडावर पिशवीचा बंद जिथे लागला तिथे काळानिळा डाग उमटला होता. “श्रीहरी म्हन्ते तब्येत सुधारली,” असं त्या सांगत होत्या. मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाचं पोर हा चेहरा बघून आजाराचं नाव सांगेल. तुम्ही तो धडा कोणाच्या नोट्सवरून पाठ केला होता?

इथे सगळीकडे धानाची मळणी चालू आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडताना त्यांना शिंका सुरू झाल्या, त्या थांबेनात. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. तुम्ही घरी आलेल्या पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचात, “ही आमची शेंबडाची डॉक्टर.” राईस मिलमधल्या बायांच्या नाकातला स्राव काचेवर घेऊन मी प्रबंध लिहिला, त्याची तुम्हाला एवढी मौज वाटायची की पाहुणे हसायचे थांबले तरी तुम्ही थांबत नव्हता. तर त्या शेंबडाच्या डॉक्टरने तुमच्या आईचा शेंबूड काचेवर घेतला, रंगवला आणि दुर्बिणीखाली ठेवला.

काच कोरी. एवढ्या शिंका, एवढं पाणी आणि ॲलर्जीत हमखास जमणाऱ्या पेशींपैकी, इओसिनोफिलपैकी, एकही नाही. मग बोटातून रक्ताचा थेंब घेतला. त्यातही नाही. हा आपला मुलूख जंतांचा, हत्तीपायाचा आणि धानाच्या धुळीचा आहे. चिखलात अनवाणी रोवणी केलेल्या माणसाच्या रक्तात ह्या नारिंगी दाण्यांच्या पेशी थोड्या तरी सापडतातच. इथे लॅब टाकल्यापासून ‘शून्य’ असा रिपोर्ट मी लिहिलेला नाही.

ह्या पेशींना असं झाडून-पुसून काढणारं औषध कोणतं, ते तुम्हाला माहीत आहे. मला त्याचं नाव हवं, रोजचा डोस हवा आणि किती महिने चालू आहे ते हवं. आईंना विचारलं तर म्हणतात, पोराने दिलेली ताकतीची गोळी आहे, घेऊन राह्यलो. बाटली दाखवत नाहीत. “माह्या पोराची गोळी हाय, तुले काऊन दाखवू?” काहीही असो, गोळी एकदम बंद करायची नाही असं मी त्यांना बजावलं आहे. त्यांनी मान हलवली.

उत्तर बसच्या कंडक्टरजवळ दिलंत तरी पोचेल.

सत्यशीला

१० नोव्हेंबर १९८६

डॉक्टर,

तुमचं पत्र मिळालं. लेटरहेडवर आहे. बायकोला आईच्या प्रकृतीबद्दल लिहितानाही ‘जुनाट सर्दी, दमा व ॲलर्जीवर खात्रीशीर इलाज’ असा छापील कागद तुम्हाला लागला, ह्याचं नवल वाटायचं आता थांबलं आहे.

आईला फक्त बी-कॉम्प्लेक्स आणि सर्दीची साधी गोळी चालू आहे, असं तुम्ही लिहिता. आणि पुढे, ‘तू काचा बघणारी, तुला माणूस बघायची सवय नाही, नाकाचा एवढा बाऊ करू नये.’

तर नाकाबद्दलच लिहिते. तुम्ही पेशंटला सांगता की रक्तात गर्मी चढली, ती नाकातून निघून राह्यली. म्हातारा पेशंट मान डोलावतो, तरुण पेशंट घाबरतो आणि दोघंही पुडी घेऊन जातात. खरं काय होतं ते तुम्हाला कधीतरी कोणीतरी शिकवलं असेल. धानाच्या कोंड्यात बुरशी असते, डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. हा कण ज्याला सोसत नाही, त्याचं शरीर त्या कणाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवतं. ती नाकाच्या आतल्या अस्तरात मास्ट पेशींवर चिकटून बसतात. पुढच्या वेळी तोच कण आला की मास्ट पेशी फुटल्यासारखी रिकामी होते आणि हिस्टामिन बाहेर पडतं. खाज, शिंका, पाणी, सगळं काही मिनिटांत. तुमची साधी सर्दीची गोळी एवढ्यापुरती चालते आणि माणूस पेंगतो.

पण गोष्ट तिथे संपत नाही. मास्ट पेशी जाता जाता आणखी निरोप सोडून जातात, ल्युकोट्रायीन आणि तसलेच. ते निरोप ऐकून काही तासांनी रक्तातले इओसिनोफिल नाकात येऊन उतरतात आणि तिथे ठाण मांडतात. शिंका थांबलेल्या असतात पण नाक चोंदतं, आतून सुजतं, हुळहुळं होतं. मग दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसापेक्षा थोड्याच धुळीने तेवढाच त्रास होतो. आठवडाभर मळणी चालली की शेवटी झाडूचा आवाज ऐकून शिंकावं अशी अवस्था येते. मिलमधल्या बायांच्या काचांवर मी हेच बघत होते, ज्याला तुम्ही हसत होता.

स्टिरॉइड हा सगळा कारभार थांबवतं. थोड्या दिवसांसाठी, मोजून, गरज असेल त्याला दिलं तर ते फार गुणाचं औषध आहे. कंपाउंडर लटारूकडून खलबत्त्यात कुटून, सर्दीच्या गोळीत मिसळून, नाव न सांगता महिनोन्महिने वाटलं तर ते काय आहे, ते तुम्ही आरशात बघून ठरवा.

मी का गेले ते तुम्ही लोकांना काय सांगता, मला ठाऊक आहे. खरं कारण तुम्हालाही ठाऊक आहे. दवाखान्याला लागून मला लॅब काढून दिलीत आणि पहिल्याच आठवड्यात सांगितलंत, “येईल त्याला इओसिनोफिल बारा टक्के लिही. आकडा बघितला की माणूस कोर्स पूर्ण करतो.” मी म्हटलं, मोजल्याशिवाय लिहिणार नाही. तुम्ही म्हणालात, मोजत बसायला वेळ कोणाला आहे. एवढंच आपलं भांडण. त्यात सासू नव्हती, हट्ट नव्हता आणि तुम्ही सुचवता तसं दुसरं कोणी तर नव्हतंच.

आई दोन दिवस सुस्त आहेत. भाकरी अर्धी टाकतात. ऊन लागलं म्हणतात, आणि नोव्हेंबरात कसलं ऊन? गोळी घेता ना, विचारलं की हो म्हणतात.

नाव आणि डोस. तुमचं मत नको आहे.

सत्यशीला

१४ नोव्हेंबर १९८६

डॉक्टर,

तुमच्या आई जिवंत आहेत. हे वाक्य आधी लिहिलं, म्हणजे पुढचं तुम्हाला सावकाश वाचता येईल.

बुधवारी सकाळी त्यांना उलट्या आणि हगवण सुरू झाली. दहा वाजेपर्यंत त्या खाटेवरून उठेनात. मी समोरच्या वामनराव डॉक्टरांना बोलावलं. ते जुन्या एलसीपीएस पदविकेचे डॉक्टर आहेत, सायकलवर फिरतात, त्यांचं नाव तुम्ही ऐकलं नसेल कारण त्यांचा बोर्ड लहान आहे. वरचा रक्तदाब सत्तर होता. ते म्हणाले, हगवणीने पाणी कमी पडलं, सलाईनने वर येईल. सलाईन लावलं. रक्तदाब चढला नाही. डोळे उघडायच्या, कोणाकडे बघतो आहोत ते न कळल्यासारखं बघायच्या आणि मिटायच्या. साखर तपासायला रक्त घेतलं, ती फारच कमी निघाली. त्याच सुईतला एक थेंब मी काचेवर ओढला. सवय म्हणून.

शंभर पांढऱ्या पेशींत चौदा इओसिनोफिल. दोन आठवड्यांपूर्वी जिथे शून्य होते तिथे.

शरीरावर एवढं संकट आलं की मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल ओततात, आणि त्याने रक्तातले इओसिनोफिल नाहीसे होतात. इतक्या आजारी माणसाच्या रक्तात ते दिसायला नकोत. ते आरामात फिरत होते, म्हणजे कॉर्टिसॉल येतच नव्हतं. ग्रंथी झोपलेल्या होत्या. तुम्ही बाहेरून एवढं दिलंत की त्यांनी काम सोडलं. आणि बाहेरचं कोणीतरी अचानक बंद केलं होतं.

मी वामनरावांना म्हटलं, हायड्रोकॉर्टिझोन द्यावं लागेल, आत्ता. ते म्हणाले, “बाई, हगवणीले स्टिरॉइड कोनी देते काय?” मी त्यांना काच दाखवायला दुर्बीण पुढे केली. त्यांनी दुर्बिणीत बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मग सायकल काढून दवाखान्यात गेले आणि दम्याच्या पेशंटसाठी ठेवलेली एकुलती एक बाटली घेऊन आले. “शिरेतून देऊ ना?” एवढंच विचारलं. सुई त्यांनीच लावली. आम्हा पॅथॉलॉजीवाल्यांना शिरेतून औषध द्यायची सवय नसते. दुसरं काही कारण नव्हतं.

त्यासोबत ग्लुकोज दिलं. दुपार उतरायच्या आत रक्तदाब शंभरावर आला आणि त्यांनी विचारलं, घरात चूल पेटली की नाही. त्यांना भूक लागली होती.

संध्याकाळी त्यांनी खरं सांगितलं. गोळ्यांची बाटली त्या वरोऱ्यालाच ठेवून आल्या होत्या. मुद्दाम. आल्या त्या दिवसापासून एकही गोळी पोटात नव्हती. ऑक्टोबरात चंद्रपूरला दीक्षाभूमीवर त्या तुमच्यासोबत गेल्या होत्या, आठवतं? तिथे त्यांची सख्खी बहीण बायनाबाई गर्दीत समोरासमोर आली आणि शेजारच्या बाईला विचारू लागली, “ह्या कोन बाई होत?” तुम्ही तेव्हा मंडपाजवळ पुढाऱ्यांशी बोलत उभे होता. आई म्हणाल्या, “बहिनीले बहीन ओळखू नाई आली. माहा चेहराच नेला त्या गोळीनं. म्हनून म्या ठेवून देल्ली तिथीच.” हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही रागावला असता, आणि मला सांगितलं असतं तर तुमची बदनामी झाली असती. म्हणून मला त्या ‘घेऊन राह्यलो’ म्हणत राहिल्या.

तुम्ही खोटं लिहिलंत, त्या खोटं बोलल्या. तुम्ही स्वतःला वाचवायला आणि त्या तुम्हाला वाचवायला. एका घरातली दोन खोटी सारखी नसतात हे मी ह्या आठवड्यात शिकले.

ही बाई तुमच्या शिक्षणासाठी इथल्याच राईस मिलमध्ये कोंडा पाखडत होती. त्या धुळीने तिचं नाक बिघडलं. डॉक्टर झाल्यावर तुम्ही त्याचा असा इलाज केलात.

सत्यशीला

२४ नोव्हेंबर १९८६

डॉक्टर,

काल तुम्ही येऊन गेलात. आपण एकमेकांशी बोललो नाही, म्हणून लिहिते. तुमच्या आठवणीवर माझा विश्वास नाही. काय घडलं ते कागदावर असलेलं बरं.

तुम्ही जीप घेऊन आलात, सोबत लटारू आणि सफरचंदांची करंडी. गल्लीत जीप उभी करून आधी शेजाऱ्यांना नमस्कार केलेत. वामनराव आईंना बघायला आले होते, त्यांच्याशी तुम्ही इंग्रजीत बोललात आणि ते मराठीत उत्तरं देत राहिले. मग आईंना म्हणालात, सामान बांध, गाडी आणली आहे. त्या वालाच्या शेंगा सोलत होत्या, त्यांनी हात थांबवला नाही. तेव्हा तुम्ही आवाज चढवलात. माझ्याकडे बोट करून, दारातल्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणालात, “हिने तुझी गोळी बंद केली, म्हणून तुझ्यावर ही वेळ आली. नशीब म्हणून वाचलीस, नाहीतर हिने तुला मारलं असतं.”

मी उत्तर देणार होते. आईंनी हाताने मला थांबवलं.

“कोनती गोळी?” त्यांनी विचारलं.

तुम्ही म्हणालात, तीच, रोजची.

“ते त ताकतीची होती. ताकतीची गोळी बंद केली त मानूस मरते काय, श्रीहरी?”

तुम्ही लटारूकडे बघितलंत. लटारू जीपकडे बघत होता. वामनराव खाली मान घालून स्टेथोस्कोप गुंडाळत होते, आणि तो त्यांना गुंडाळता येईना. तुम्ही म्हणालात, आई, तुला त्यातलं समजत नाही.

“मले समजते म्हनून नाई विचारून राह्यलो,” त्या म्हणाल्या. “तुले समजते म्हनून विचारून राह्यलो.”

वर्षभर मी मनात तुमच्याशी वाद घालत होते, पुस्तकांतले दाखले जमवत होते. एका बाईने शेंगा सोलता सोलता दोन वाक्यांत तुम्हाला तिथे आणून सोडलं. बी-कॉम्प्लेक्स होतं, तर मी ते बंद करून कोणाला मारणार? आणि मारता येत असेल, तर ते बी-कॉम्प्लेक्स नव्हतं. तुमच्या चेहऱ्यावर हे उशिरा उमटलं. हुशारीत तुम्ही मागे पडता असं मला कधी वाटलं नव्हतं. मी तुम्हाला फक्त आळशी समजत होते.

तुम्ही न जेवता निघालात. सफरचंदं वामनरावांच्या दवाखान्यात वाटून टाकली.

आई बऱ्या आहेत. रोज सकाळी हायड्रोकॉर्टिझोनची गोळी देते, नाव सांगून देते. वामनराव आणि मी मिळून ती हळूहळू कमी करू. ग्रंथी जाग्या व्हायला कित्येक महिने लागतील, कदाचित वर्ष. शिंका परत आल्या आहेत. त्यासाठी नागपूरहून नाकात मारायचा फवारा मागवला आहे. त्यातही स्टिरॉइडच असतं, पण ते नाकात राहतं आणि नाकापुरतंच काम करतं. औषधाशी माझं वैर नाही, हे तुमच्या लक्षात यावं म्हणून सांगितलं.

एकच प्रश्न राहिला. आईसारखे पुडी घ्यायला तुमच्या दवाखान्याच्या ओट्यावर आणखी कितीजण बसतात?

सत्यशीला

९ डिसेंबर १९८६

डॉक्टर,

हे पत्र कंडक्टरच्या हातात देऊन पाठवते आहे. मिळताक्षणी वाचा आणि आधी काम करा. अपमान नंतर वाटून घ्या.

लटारू मेव्हणीच्या लग्नाला इकडे आला होता, तो आईंना भेटून गेला. त्याने सांगितलं की परत गेल्यावर तुम्ही पुड्यांचा सगळा साठा मागच्या अंगणात जाळलात, खलबत्ता विहिरीत टाकलात, आणि आता येईल त्याला ‘कंपनीनं औषध बंद केलं’ सांगून साध्या सर्दीच्या गोळ्या देऊन परत पाठवता.

तुम्हाला वाटलं असेल, तुम्ही सुधारलात. तुम्ही घाबरलात. आणि घाबरल्यावरही तुम्ही तेच केलंत जे आधी करत होता, समोरच्या माणसाचा विचार न करता. आपल्या आईला डोळ्यांसमोर बघूनही हे तुमच्या डोक्यात आलं नाही? ज्यांच्या ग्रंथी तुम्ही महिनोन्महिने झोपवल्या, त्यांचं औषध तुम्ही एका दिवसात तोडलंत. त्यातल्या एखाद्याला उद्या ताप आला, हगवण लागली, बाळंतपण आलं, तर तो खाली बसेल आणि उठणार नाही. गावातला डॉक्टर सलाईन लावेल. प्रत्येक गल्लीत वामनराव नसतात.

ज्यांनी महिन्याहून जास्त पुड्या घेतल्या त्या सगळ्यांना परत बोलवा. औषध पुन्हा सुरू करा, ह्या वेळी नाव सांगून, आणि दर आठवड्याला थोडं थोडं उतरवत न्या. आजारपण आलं तर तेवढ्यापुरतं वाढवायचं, हे घरच्यांना समजावून सांगा. त्यांना सगळ्यांना. म्हणजे आजवर काय दिलं ते तुम्हाला तोंडाने म्हणावं लागेल. तेच तुम्हाला जाळायचं होतं, पुड्या नव्हेत.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाल्या, “त्या बाया माह्यासंगच बसत ओट्यावर. मी समद्याइले ओळखतो.” त्या यायचं म्हणतात. त्यांची तब्येत अजून प्रवासाची नाही, हे मी त्यांना सांगून बघितलं. तुम्ही त्यांना कधी समजावू शकलात का? मग मी कशी समजावणार.

बाजाराच्या दिवशी आम्ही वरोऱ्यात असू. दार उघडं ठेवा.

सत्यशीला

१६ फेब्रुवारी १९८७

डॉक्टर,

तुमचं पत्र आलं, ह्या वेळी साध्या कागदावर. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण एक भाग आईंकडून यायचा होता आणि त्यांना घाई नव्हती.

आधी कामाचं. शिंपीकाम करणारी तुमची पेशंट अन्नपूर्णा चंद्रपूरच्या दवाखान्यातून घरी आली. तिच्या नवऱ्याचं पत्र आहे, शिवणयंत्रावर परत बसते म्हणतो. आम्ही त्या बाजाराच्या दिवशी ओट्यावर पोचलो तेव्हा ती रांगेत नव्हती म्हणून आईंनी तिच्या घरी जायचा हट्ट धरला, आणि ती चार दिवसांपासून उलट्या करत चटईवर पडलेली सापडली. एक दिवस उशीर झाला असता तर काय, ते मी लिहीत नाही. तुम्ही तिला जीपमध्ये स्वतः उचलून ठेवलंत, हे मी बघितलं. तुमच्याविषयीच्या माझ्या मतात ते बसत नाही, तरी बघितलं.

बाकीच्यांचं लटारू कळवत असतो. बहुतेकांच्या गोळ्या अर्ध्यावर आल्या आहेत. जंगलातून यायचा तो कोलू नावाचा तुमचा पेशंट मात्र सापडला नाही. लटारूला फक्त एवढं आठवतं की तो आणि त्याची बायको सुकरी मोहफुलांच्या दिवसांत यायचे आणि हंगामभराच्या पुड्या एकदम न्यायचे. गाव कोणी विचारलं नव्हतं. आम्ही दोनदा जीप घेऊन फिरलो, बाजारात विचारलं, फॉरेस्टच्या माणसांना सांगितलं. ह्या नावाची माणसं चार गावांत निघाली आणि त्यातला एकही तो नव्हता. तो घरी शिंकत बसलेला असो एवढीच माझी इच्छा आहे. तुमची काय आहे, मला माहीत नाही. तो यंदाही मोहाच्या दिवसांत आला तर त्याला परत पाठवू नका.

आता तुमच्या पत्राबद्दल. तुम्ही लिहिता की त्या दिवशी बाजारभर माणसांसमोर ओट्यावर बसून, ‘मी तुम्हाला स्टिरॉइड देत होतो’ हे एकेकाला सांगताना तुमची जीभ जड झाली होती. मी शेजारी बसून काचा घेत होते, मला दिसलं. पहिल्या दोघींना तुम्ही पुटपुटलात. तिसऱ्या म्हाताऱ्याला ऐकू येत नव्हतं, त्याला ओरडून सांगावं लागलं, आणि त्यानंतर तुमचा आवाज सरळ झाला. काहीजण उठून गेले, एकाने तुमच्या तोंडावर पुडी फेकली, बऱ्याच जणांनी विचारलं की मग आता आम्ही काय करायचं. तुम्ही त्यांना नीट सांगितलंत. एका दुपारपुरते तुम्ही डॉक्टर होता. डिग्री मिळाल्यापासून त्याला सोळा वर्षं लागली.

त्या एका दुपारवर तुम्ही आता घर बांधायला निघाला आहात. मी परत यावं, दोघांनी मिळून दवाखाना चालवावा, मी मोजीन तोच आकडा लिहावा, असं तुम्ही म्हणता. मोजलेला आकडा लिहिणं ही तुम्ही मला द्यायची सवलत नाही. मी इथे तेच करते, आणि त्यासाठी मला कोणाच्या ओट्याला लागून खोली घ्यावी लागत नाही. वामनराव पेशंट पाठवतात, रिपोर्ट वाचतात, समजला नाही तर सायकलवर येऊन विचारतात. ब्रह्मपुरीत मी सुखात आहे असं मी म्हणणार नाही. पण सकाळी उठल्यावर कोणाची कीव येत नाही, कोणाचा राग येत नाही. वरोऱ्यात दोन्ही यायची आणि ती एकाच माणसाची असायची.

मी येणार नाही. घटस्फोटाचे कागद तुम्ही पाठवा किंवा मी पाठवते.

आईंना न्यायला रविवारी येतो, असं तुम्ही लिहिलं आहे. मी त्यांना पत्र दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा त्यांनी फक्त ऐकलं. दुसऱ्यांदा तुम्ही ‘आईची सेवा करायची संधी द्या’ लिहिलं आहे तिथे थांबवून पुन्हा वाचायला सांगितलं. त्यांची गोळी आता चतकोर उरली आहे, चेहरा बराच उतरला आहे. मागच्या आठवड्यात बायनाबाई राहून गेल्या, दोघी दिवसभर अंगणात बसून जुन्या मिलच्या मुकादमाला शिव्या देत हसत होत्या.

आज सकाळी त्या म्हणाल्या, लिही. सांगतील तसं लिहिते आहे. एक शब्द माझा नाही.

“श्रीहरी, रविवारी येजो, जेवून जाजो. पन मले न्याले येऊ नको. मी तुह्यावर रागावलो नाई. रागावलो असतो त बरं झालं असतं, राग उतरते. तुले वाटते, तू डाक्टर हायेस म्हनून माही फसगत झाली. तसं नाई. डाक्टर त वामनराव बी हाय, त्याच्या गोळीले मी दहादा विचारतो, हे काहाची, ते काहाची. तुह्या गोळीले म्या कधी इचारलं नाई. तू डाक्टर हायेस म्हनून नाई खाल्ली म्या ते. माहा पोरगा हायेस म्हनून खाल्ली.”

ह्यावर आणखी काही लिहू का, विचारलं. नको म्हणाल्या.

उत्तर द्यायचं असेल तर त्यांच्या नावाने पाठवा.

सत्यशीला